बत्तिशीची दाढ

— हो हो, ऐकलं मी, रविवारची मॅच खेळणार, सोमवारी क्लबला रामराम ठोकणार आणि गावी जाऊन भावाच्या टायरच्या दुकानात बसणार, सगळं ऐकलं, पण हे सगळं सांगत बसलात तर मी दाढ बघू कशी? आ करा. अजून. अजून हो, समोरचा गोलकीपर तुम्ही बॉल घेऊन येताना दिसलात की जांभई देतो म्हणतात, तेवढा तरी आ करा — चुकलं, चुकलं माझं, असं बोलायला नको मी, तुम्ही पेशंट आहात आणि पेशंट म्हणजे पाहुणा. मैना, तो दिवा जरा खाली घे. ही आमची मैना, पाच शब्दांच्या वर कधी बोलत नाही, म्हणून मैना. आता टोचेल थोडं. मुंगी चावल्यासारखं वाटेल — असं आम्ही सगळेच म्हणतो, मुंगी कसली, चांगली गांधीलमाशी असते. झालं! एवढं काय अंग चोरताय? मैदानात आडदांड बॅक अंगावर येतात तेव्हा नाही का चोरत — म्हणजे चोरताच म्हणा, तीच तर लोकांची तक्रार आहे.

राग नाही ना आला? आला असला तरी आता सांगता येणार नाही, भूल चढतेय. हा आमच्या धंद्यातला एकच फायदा, समोरच्याला उलट बोलता येत नाही. घरी नेमकं उलटं असतं माझं. बरं, दाढ कशाने तुटली म्हणालात मघाशी? पाव खाताना. पाव! आणि तोही आदल्या दिवशीचा नाही, ताजा. एकदा घट्ट चावा बघू. हं. आणि एक सांगू का, ते स्टेडियमात तुम्हाला बत्तिशी म्हणतात ना — गोल चुकला की लगेच दात दिसतात म्हणून — ते साफ खोटं आहे. मी मोजले आत्ता, एकतीसच आहेत. अक्कलदाढ एक उगवलेलीच नाही. घाबरू नका, हे या खोलीच्या बाहेर जाणार नाही, पूर्वेच्या स्टँडात कळलं तर तुमची धडगत नाही. पेशंटच्या तोंडातलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम, मी तो आजवर मोडलेला नाही, आणि त्या नियमापायीच आत्ता माझ्या जिवाची नुसती तगमग चाललीये. ते सांगते पुढे. मैना, पाणी ओढ.

मला एक सांगा, खाली मैदानात स्टँडातलं बोलणं ऐकू येतं का हो? सगळं नसेल येत, नुसता गलका येत असेल. पण एखादा आवाज वेगळा येतो का — पूर्वेच्या बाजूने, फाटका, चिरका, पिवळ्या टोपीतला एक म्हाता— अहो, खुर्ची सोडा! हात निखळेल तिचा, आधीच ढिली आहे. म्हणजे येतो. स्वच्छ येतो म्हणा की! "गोल तिकडे आहे रे, कुणी हलवला नाहीये!" — हेच ना? "बॉल आहे तो, पाहुणा नाही, वाट कसली बघतोस!" तेही? "दार उघडं असलं तरी हा खिडकीतून जाईल!" ते मला आवडतं, खरं सांगते, त्यात जरा विचार आहे. "माझं कपाट तुझ्यापेक्षा लवकर वळतं!" हे मात्र मागच्या महिन्यातलं, ते कपाट आम्ही सरकवायला गेलो तेव्हा सुचलं होतं, आणि रविवारसाठी एक नवीन आहे, अजून नीट बसलेलं नाही, रोज सकाळी दाढी करताना आरशासमोर म्हणून बघ—

आ मोठा करा. मला कसं माहीत म्हणजे काय? माहीत असतं. गावात कळतं. — बरं बाबा, असे डोळे वटारू नका, माझे वडील आहेत ते. झालं समाधान? पिवळ्या टोपीतला म्हातारा म्हणजे माझा सख्खा बाप, आणि मी त्यांची एकुलती एक लेक, आणि माझ्या हातात आत्ता ड्रिल आहे. आता हसताय का तुम्ही? हसू नका, भूल आहे, एकाच बाजूने हसताय, चमत्कारिक दिसतंय. आता आवाज येईल हं, हे मशीन जरा ओरडतं, पण बाबांच्या मानाने काहीच नाही.

तुम्हाला वाटत असेल, काय खडूस म्हातारा असेल. नाहीये हो. म्हणजे आहे, पण तसा नाही. आयुष्यभर बस चालवली, सगळ्या रस्त्याला ओरडून झाल्यावर घरी येऊन आईशी हळू आवाजात बोलायचे. मग आई गेली. आणि हे बोलायचेच थांबले. रुसले नाहीत, रडले नाहीत, नुसते थांबले. मी विचारायची, बाबा चहा? मान हलवायचे. बाबा, डोकं दुखतंय का? मान हलवायचे. मी त्यांना माझ्या घरी घेऊन आले, मागची खोली दिली, रेडिओ दिला, मांजर दिलं — मांजर पळून गेलं, त्यालाही सहन होईना ती शांतता. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, मला काय झालंय? काही नाही झालेलं मला. आणि एक दिवस केळं खाताना त्यांची दाढ तुटली. केळं! तुमचा निदान पाव तरी होता. याच खुर्चीत बसवलं, आ करा म्हटलं, आणि आत बघितलं तर — थांबा, हे नंतर. आधी ही कड घासून घेते. जीभ तिकडे ठेवा. तिकडे हो. तुमची जीभसुद्धा ऑफसाइडला जाते की.

तर शेजारच्या पेंटरकाकांनी त्यांना ओढून स्टेडियमात नेलं. बाबांना फुटबॉलचं काहीएक कळत नव्हतं, आणि आईला तर मनस्वी तिटकारा, बावीस घोडे एका बॉलमागे म्हणायची. तरी बाबांनी तिकिटं दोन काढली. कायम दोनच काढतात. एकावर स्वतः बसतात, शेजारी टोपी ठेवतात. सगळीकडेच ठेवतात, बसमध्ये, बँकेत, केस कापायला गेले तिथेसुद्धा. कुणाला बसू देत नाहीत. त्यावरून किती भांडणं झाली असतील, कंडक्टरशी, म्हणजे स्वतःच्या जातभाईशी! मैदानावर ऊन फार असलं तरच मॅचपुरती डोक्यावर चढवतात, म्हणून तुम्हाला ती दिसली.

आता त्या पूर्वेच्या स्टँडातल्या जुन्या मंडळींची एक पद्धत आहे, ती तुम्हा खेळाडूंना ठाऊक नसणार. सीझनच्या आधी ते तुम्हाला वाटून घेतात. हसू नका, खरंच — अकरा जणांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या आणि एकेकाने उचलायची. ज्याच्या वाट्याला जो खेळाडू आला तो क्लबमध्ये असेपर्यंत त्याचा. कौतुक त्यानेच करायचं, शिव्याही त्यानेच द्यायच्या. दुसऱ्या कुणाला त्या खेळाडूला बोलायचं असलं तर आधी ज्याच्या वाट्याचा तो, त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचं, "बोलू का?" तो हो म्हणाला तर बोलायचं. नियम म्हणजे नियम. त्या वर्षी बाबांनी चिठ्ठी उचलली आणि त्यात निघालात तुम्ही. नऊ नंबर. क्लबमध्ये नुकतेच आला होतात, सगळे म्हणाले, वा, नशीबवान आहात, गोलांचा पाऊस पाडेल हा. पाडलात का? असो.

पहिल्या मॅचनंतर बाबा घरी आले. मी ओट्याशी उभी होते. बूट काढले, आत आले, पाण्याचा ग्लास घेतला आणि म्हणाले — कित्येक महिन्यांनी स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य हो — म्हणाले, "तो नऊ नंबर म्हणजे निव्वळ गाढव आहे." आणि मी रडायलाच लागले. ते घाबरले. म्हणाले, अगं, तुझ्या ओळखीचा आहे का तो? त्यानंतर जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. तुम्ही कुठे उभे राहिलात, कुठे उभं राहायला हवं होतं, बूट बदलायला हवेत, पोटावर वजन चढलंय, रात्री नीट जेवतो की नाही कुणास ठाऊक, एकटा राहतो म्हणतात, त्याची आई कुठे असते — हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात, रोज, कणीक मळता मळता. तुमचा एकेक चुकलेला गोल म्हणजे आमच्या घरात आठवडाभराचं बोलणं आहे. आणि तुम्ही कधी गोल मारलातच — मागच्या हिवाळ्यात एक मारलात ना, पाठीला लागून गेला तो — तर दोन दिवस चेहरा पाडून बसले होते. काय बोलावं सुचेना.

चूळ भरा. हळू. सांडलं. असू दे, मैना पुसेल.

आता रविवारचं. तुमच्या कानावर आलंच असेल, म्हणून तर टायरचं दुकान आठवलं तुम्हाला. तुमचं नाव पुकारलं की सगळा पूर्वेचा स्टँड पाठ फिरवून उभा राहणार आहे. शिवी नाही, शिट्टी नाही, नुसत्या पाठी. पेंटरकाकांची कल्पना. आणि बाबा नाही म्हणाले. भर टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या वाट्याचा आहे तो. मला विचारलं का कुणी? खांद्यावर हात ठेवला?" काका म्हणाले, अहो, तुम्हीच तर त्याला सगळ्यात जास्त बोलता! बाबा म्हणाले, "मी बोलतो. पाठ नाही फिरवत." वाजलंच मग. आता तिथे त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मागच्या मॅचला पार टोकाला जाऊन एकटे बसले होते, ते आणि टोपी. घरी आले, बूट काढले, पाणी प्यायले आणि काहीच बोलले नाहीत. तुम्ही पेनल्टी घालवली होती हो त्या दिवशी! पेनल्टी! आणि हे गप्प. उशिरा कधीतरी एवढंच म्हणाले, "बाकी सगळं चालतं गं, पण चुकल्यावर तो हसतो का? लोक म्हणतात त्याला कशाचंच काही वाटत नाही. मी काय सांगू त्यांना? हसतो का तो?" तेच धरून बसलेत. सगळा स्टँडच ते धरून बसलाय, चुका कुणाला सलत नाहीत एवढं ते हसू सलतं.

आणि मला माहितीये तुम्ही का हसता. मघाशी कळलं. मी तुम्हाला म्हटलं, घट्ट चावा, आणि तुम्ही चावलंत, आणि या मैनेने मला खुणावलं, बाई, हा हसतोय बघा. हसत कुठे होतात? जबडा आवळलात तुम्ही. हा कानाखालचा स्नायू आहे ना, हा इथे — दुखतंय ना? दगड झालाय त्याचा — तो आवळला की तुमचे ओठ असे दोन्हीकडे ताणले जातात आणि दात उघडे पडतात. लांबून बघणाऱ्याला वाटणार, काय निर्लज्ज आहे, चुकून वर दात दाखवतोय. आणि आतल्या दाढा बघितल्या मी. वापरून वापरून साबणाची वडी होते तशा झाल्यात, गुळगुळीत, सपाट. या वयात! रात्रभर दात खातोस तू झोपेत. म्हणजे झोपत असलास तर. अरे, पाव कसला दाढ मोडतो, ती तूच मोडलीस, कित्येक रात्री थोडी थोडी करून. आणि बाहेर सांगत फिरतोस, मी ठीक आहे, मला काही नाही झालं. असं म्हणणारा दुसरा एक माणूस ओळखते मी. केळं खाताना दाढ मोडून आला होता, म्हटलं ना. त्याच्या तोंडात हेच बघितलं होतं, हेच, सगळ्या दाढा अशाच. तेव्हा कळलं मला की मागच्या खोलीत तो शांत झोपतो असं मी समजत होते आणि—

अगंबाई. तू म्हणायला लागले की मी तुम्हाला. असू दे आता. माझ्या धाकट्या भावाएवढा आहेस, भाऊ असता तर.

आता माप घ्यायचंय, रात्री दातांवर बसवायला एक प्लास्टिकचं गार्ड करून देते. हा गुलाबी लगदा तोंडात ठेवायचा आणि घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. नाकाने श्वास घे. आणि मी काय म्हणते ते नीट ऐकून घे. मी तुला गोल मार असं म्हणतच नाहीये. एवढी मी वेडी नाही. रविवारीही चुकव हवं तर, आकाशात मार, स्टेडियमच्या बाहेर मार, नवीन वाक्य तयार आहे त्यांचं, वाया जायला नको. पण सोमवारी जाऊ नकोस. टायर काय, टायर कधीही विकता येतात. तू गेलास तर पुढच्या वर्षी चिठ्ठीत दुसरा कुणीतरी येईल, एखादा गुणी मुलगा, नीट गोल मारणारा, आणि बाबा त्याला काय बोलतील? आणि माझ्याशी काय बोलतील? मला एकटीला नाही जमत रे त्यांना बोलतं करायला. मी लेक आहे तरी. हे काही डॉक्टरने बोलायचं नसतं, पण बोलले, आता काय करू? तूही कुठे टोकू शकलास, तोंडात लगदा आहे. आणि हसतो का याचं उत्तर तर मी त्यांना देऊच शकत नाही. तोंड तुझं आहे, सांगायचं तर तूच सांगायला हवंस.

हं, निघालं. बघ, काय सुंदर माप आलंय. डोळे पूस, लगद्याने उमासा येतो, सगळ्यांनाच येतो. दोन तास काही खायचं नाही, चावायचं नाही, आणि बोलायला जाऊ नकोस, भूल उतरेपर्यंत शब्द धड निघणार नाहीत. आज तात्पुरतं सिमेंट भरलंय, बोट लावायचं नाही.

आणि एक राहिलंच. बाहेर बाकावर बाबा बसलेत. तुझ्यानंतर त्यांचीच वेळ आहे, गार्ड सैल झालंय त्यांचं. योगायोग आहे — बरं, योगायोग नाही, मीच लावली वेळ, आणि सकाळपासून पस्तावतेय, कारण त्यांना कल्पना नाही आणि दवाखान्यात आरडाओरडा मला चालत नाही. म्हणून तू आपला मागच्या दाराने जा. मैना दाखवेल. कपड्यांची दोरी आहे तिथे, वाकून जा, मग गल्लीत— अरे, इकडे, तिकडे कुठे? मागचं दार इकडे आहे! अहो! अरे ए!

गेला. मैना, गेला हा सरळ पुढच्याच दाराने. आता ऐक तमाशा. — काही ऐकू येतंय का? मशीन बंद कर बघू ते. आता? काहीच नाही. बाबा आणि गप्प? दार जरा लोट, एवढंसं, फट राहू दे. सरक, मला दिसू दे. उभा आहे नुसता त्यांच्यासमोर. आणि हे वर बघतायत. चष्मा पुसला. पुन्हा लावला. बोला ना बाबा, एवढं स्टेडियम दणाणून सोडता, आता का — अगं, टोपी. टोपी उचलली त्यांनी! शेजारची टोपी उचलून मांडीवर घेतली गं. बसला तो. टेकून बसला. आता हा काय करतोय? बोट घातलं गालात — अरे, सिमेंट ओलं आहे, हात नको लावूस म्हटलं होतं ना! — आ करून दाखवतोय त्यांना, आतलं सगळं दाखवतोय. बाबा वाकलेत. चष्मा कपाळावर चढवला. उजेडाकडे वळवलं त्याला हनुवटी धरून. किती वेळ बघतायत. आणि आता हे काय, यांनीही आ केला! आपला गाल ओढून त्याला दाखवतायत, ही बघ, ही बघ, आणि ती मागची. लहान मुलं बरी. — नाही गं, मी कुठे रडतेय, त्या ड्रिलची धूळ उडालीये डोळ्यात.

आत नको बोलावूस त्यांना. दार लाव. फोन आला कुणाचा तर उद्या या म्हणावं.